मनोव्यापारांतील वैचित्र्ये

मनोव्यापारांतील वैचित्र्ये : निरोगी व जागृत माणसाच्या संवेदन, अवधान, स्मरण, निर्णय इ. मनोव्यापारांत नित्य घडणारे, परंतु बहुधा त्याच्या लक्षात न येणारे प्रमाद व चमत्कृती. क्षितिजावरचा चंद्र मोठा भासणे, ओळखीचे नाव ओठांवर असूनही न आठवणे, खिशातील दूरध्वनी वाजला नसताना तो थरथरल्यासारखा वाटणे, दुसऱ्या खोलीत गेल्यावर तेथे येण्याचे कारणच विसरणे ही त्यांची परिचित उदाहरणे होत. मानसिक विकृतींत आढळणारे निर्वस्तुभ्रम व संभ्रम यांहून ती भिन्न आहेत. विकृतीचा लवलेश नसलेल्या व्यक्तींतही ती आढळतात आणि त्यांतील पुष्कळशी सर्वांमध्ये एकाच दिशेने घडून येतात. उदा., क्षितिजावरचा चंद्र काहींना मोठा व काहींना लहान असा दिसत नाही. जवळजवळ सर्वांना तो मोठाच दिसतो. प्रमादातील या नियमितपणामुळेच त्यांचा प्रयोगाद्वारे अभ्यास करणे शक्य झाले आहे.

या अभ्यासातून दोन महत्त्वाचे निष्कर्ष निघाले आहेत. पहिला असा, की ज्या प्रक्रियांमुळे माणसाला एरवी यथार्थ ज्ञान होते, त्याच प्रक्रियांतून हे प्रमादही उद्‌भवतात. दुसरा असा, की प्रमादाचे ज्ञान झाल्याने तो बहुधा नाहीसा होत नाही आणि स्वतःच्या अनुभवाविषयी वाटणारी खात्री ही त्या अनुभवाच्या खरेपणाची हमी ठरत नाही. न्यायालयातील साक्ष, रुग्णाची शस्त्रक्रिया, वाहन चालविणे यांसारख्या, माणसाच्या जीवनमरणाशी निगडित असलेल्या व्यवहारांत या दुसऱ्या निष्कर्षाला फार महत्त्व आहे.

उपपत्ती : प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सु. १·४ किग्रॅ. म्हणजे शरीराच्या वजनाच्या सु. २% असते, परंतु शरीर विश्रांत असताना खर्च होणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सु. २०% ऊर्जा एकट्या मेंदूला लागते. त्यामुळे इंद्रियांद्वारे येणाऱ्या सर्व माहितीवर सारखेच संस्करण करणे त्याला परवडणारे नाही. शिवाय ही माहिती त्रुटित व संदिग्ध असते. डोळ्याच्या जालपटलावर पडणारी प्रतिमा द्विमितीय असल्याने तीच प्रतिमा जवळच्या लहान वस्तूची असू शकते, तशीच दूरच्या मोठ्या वस्तूचीही असू शकते. अशा अनेक शक्यतांमधून एक निवडण्यासाठी मेंदू पूर्वानुभवाचा व भोवतालच्या संदर्भाचा आधार घेतो. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोन हेल्महोल्ट्स (१८२१–९४) याने या क्रियेला ‘अजाणता होणारे अनुमान’ असे म्हटले. हे अनुमान इतके जलद व आपोआप होते, की त्याचा निष्कर्ष तेवढा जाणिवेत येतो आणि तो अनुमान न वाटता प्रत्यक्ष वाटतो. नेहमीच्या परिस्थितीत हे अनुमान बरोबर ठरते. परिस्थिती नेहमीहून वेगळी असली म्हणजे तेच अनुमान चुकते व भ्रम निर्माण होतो.

भारतीय दर्शनांत भ्रमाची चिकित्सा ख्यातिवादाच्या रूपाने फार पूर्वीच झाली होती. शिंपल्याच्या ठिकाणी रुपे दिसणे व दोरीच्या ठिकाणी साप दिसणे ही तिच्यातील प्रसिद्ध उदाहरणे होत. न्यायदर्शनातील अन्यथाख्यातिवादानुसार पूर्वी अन्यत्र पाहिलेल्या रुप्याचे स्मरण होऊन ते समोरच्या शिंपल्याच्या ठिकाणी प्रतीत होते. ज्ञानाचे प्रामाण्य ठरविणे हा नैयायिकांपुढील प्रश्न होता, तर इंद्रियांचे कार्य उलगडणे हा हेल्महोल्ट्सपुढील; तथापि प्रत्यक्षात स्मृतीचा वाटा असतो, हे दोघांनीही ओळखले होते. [⟶ भ्रम, संवेदन].

दृष्टीतील वैचित्र्ये : जालपटलाच्या ज्या ठिकाणाहून दृक्‌-तंत्रिका डोळ्याबाहेर पडते, तेथे प्रकाशग्राही कोशिका नसतात. या अंधबिंदूचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ एद्म मार्यॉत (सु. १६२०–८४) याने १६६० च्या दशकात लावला. अंधबिंदूमुळे दृष्टिक्षेत्रात पडणारी पोकळी सु. ५ ते ६ अंश रुंद असते. आकाशातील पूर्ण चंद्राची रुंदी सु. अर्धा अंश असल्याने असे दहा चंद्र एका ओळीत त्या पोकळीत मावतील. असे असूनही कोणालाही आपल्या दृष्टीत भोक पडलेले दिसत नाही. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो, तर एकच डोळा उघडा असताना मेंदू ती जागा भोवतालच्या रंगाने व आकृतीने भरून काढतो. याचा पडताळा घरीही घेता येतो. मेजावर दोन नाणी सु. ८ सेंमी. अंतरावर आडव्या रेषेत ठेवावीत, डावा डोळा मिटावा आणि उजव्या डोळ्याने डावीकडील नाण्याकडे स्थिर पहावे. चेहरा नाण्यांपासून सु. ३० सेंमी. अंतरावर आणून किंचित पुढेमागे केल्यास एका ठिकाणी उजवीकडील नाणे नाहीसे होते. तेथे काळा ठिपका न दिसता मेजाचा पृष्ठभागच दिसतो.

माणसाचे डोळे एका सेकंदात सु. तीन वेळा एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर झेप घेतात. झेपेच्या काळात जालपटलावरील प्रतिमा अस्पष्ट होते. परंतु मेंदू तेवढ्यापुरती दृष्टीची संवेदनक्षमता दाबून ठेवतो व जग स्थिर भासते. आरशात स्वतःच्या एका डोळ्याकडून दुसऱ्या डोळ्याकडे नजर वळविणाऱ्याला आपले डोळे हलताना कधीच दिसत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र ते स्पष्ट दिसतात. भिंतीवरील घड्याळाकडे एकदम पाहिल्यास सेकंदकाटा क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, हेही याच क्रियेशी संबंधित आहे. नजरेच्या झेपेत हरवलेला काळ मेंदू झेपेनंतर दिसलेल्या दृश्याच्या खाती जमा करतो, म्हणून पहिला सेकंद लांबल्यासारखा भासतो, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून दाखविण्यात आले.

क्षितिजावरील चंद्र माथ्यावरील चंद्रापेक्षा मोठा भासतो; परंतु दोन्ही ठिकाणी त्याचा कोनीय व्यास जवळजवळ सारखाच असतो. किंबहुना क्षितिजावर असताना चंद्र निरीक्षकापासून पृथ्वीच्या त्रिज्येइतका अधिक दूर असल्याने तो व्यास किंचित कमीच असतो. कागदाच्या सुरळीतून पाहिले असता भोवतालची झाडे, घरे व जमीन दृष्टीआड होतात आणि चंद्राचे मोठेपण बरेचसे ओसरते. या भ्रमाचे कारण वातावरणात नसून दृष्टीच्या निवाड्यात आहे, असे प्रतिपादन अरब शास्त्रज्ञ इब्न अल्‌-हैथम (सु. ९६५–१०४०) याने केले होते. त्याच्या नेमक्या उपपत्तीविषयी आजही एकमत नाही.

जर्मन अभ्यासक फ्रान्त्स म्यूलर-लायर (१८५७–१९१६) याने १८८९ मध्ये वर्णन केलेल्या भ्रमात समान लांबीच्या दोन रेषांच्या टोकांना बाणासारखे पंख जोडलेले असतात. पंख बाहेरच्या बाजूस उघडणारी रेषा लांब व आतल्या बाजूस वळलेली रेषा आखूड भासते. मोजपट्टीने मोजून दोन्ही रेषा सारख्या असल्याची खात्री करून घेतल्यावरही भ्रम कायम राहतो. मात्र तो सर्व समाजांत सारख्याच प्रमाणात आढळत नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स (१८६४–१९२२) याने निलगिरी पर्वतातील तोडा जमातीच्या वेदनशक्तीचा अभ्यास करून १९०५ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. तोडांमध्ये म्यूलर-लायर भ्रम इंग्रजांपेक्षा कमी प्रमाणात आढळला, तर उभी रेषा समान लांबीच्या आडव्या रेषेपेक्षा लांब भासण्याचा भ्रम अधिक प्रमाणात आढळला. भोवतालचे जग व त्यात पाहण्याची सवय यांचाही दृष्टीच्या अनुमानात वाटा असावा, असे यावरून दिसते.

मेंदूचा चेहरे ओळखण्याकडे विशेष कल असतो. ढगांत, भिंतीवरील ओलीच्या डागांत किंवा मोटारीच्या दर्शनी भागात माणसाला चेहरा दिसतो, तो यामुळेच. अमेरिकेच्या ‘व्हायकिंग-१’ या यानाने १९७६ मध्ये मंगळावरील एका टेकडीचे छायाचित्र घेतले, त्यात छायाप्रकाशामुळे मानवी चेहऱ्याचा भास झाला व त्यावरून अनेक तर्ककुतर्क झाले. पुढे ‘मार्स ग्लोबल सर्व्हेअर’ या यानाने १९९८ व २००१ मध्ये घेतलेल्या अधिक स्पष्ट छायाचित्रांत ती साधी टेकडी असल्याचे दिसून आले.

श्रवण, स्पर्श व भार : ऐकणे हे केवळ कानांवर अवलंबून नसते. हॅरी मॅगर्क व जॉन मॅक्‌डॉनल्ड या ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ‘बा’ या ध्वनीबरोबर ‘गा’ असा उच्चार करणाऱ्या ओठांचे चित्र दाखविले, तेव्हा बहुतेक प्रौढांना ‘डा’ असे ऐकू आले. डोळे मिटताच मूळ ‘बा’ ऐकू येतो व उघडताच पुन्हा ‘डा’. गोंगाटात बोलणाऱ्याचे ओठ दिसत असले म्हणजे त्याचे बोलणे अधिक समजते, त्यामागेही दृष्टी व श्रवण यांचा हाच मेळ असतो.

स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत. याचे कारण असे, की हात हलविण्याची आज्ञा देतानाच मेंदू त्या हालचालीमुळे होणाऱ्या स्पर्शाचे भाकीत करतो आणि भाकिताशी जुळणाऱ्या स्पर्शाची तीव्रता कमी करतो. या क्रियेत निमस्तिष्काचा (लहान मेंदूचा) सहभाग असल्याचे लंडन येथे १९९८ मध्ये झालेल्या मेंदू-प्रतिमांकनाच्या प्रयोगात आढळले. दुसऱ्याने केलेल्या स्पर्शाचे असे नेमके भाकीत करता येत नसल्याने तो पूर्ण तीव्रतेने जाणवतो.

समान वजनाच्या दोन डब्यांपैकी आकाराने लहान असलेला डबा उचलल्यावर जड वाटतो. फ्रेंच वैद्य ओगुस्तँ शार्पांत्ये याने १८९१ मध्ये या भ्रमाचे वर्णन केले. मोठी वस्तू जड असणार या अपेक्षेने हात अधिक जोर लावतो, म्हणून ती हलकी भासते, असे पूर्वी समजले जाई. परंतु काही वेळा डबे उचलल्यावर बोटे दोन्ही डब्यांना योग्य तेवढाच जोर लावू लागतात आणि भ्रम मात्र टिकून राहतो, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. हाताला कळलेली गोष्ट जाणिवेला कळतेच असे नाही, याचे हे लक्षणीय उदाहरण होय.

भ्रमणध्वनीच्या प्रसारानंतर एक नवे वैचित्र्य आढळू लागले. अमेरिकेतील एका रुग्णालयातील कर्मचाऱ्यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्या १६९ जणांपैकी ११५ जणांनी (६८%), अंगावरील उपकरण थरथरले नसताना ते थरथरल्याचा भास होत असल्याचे सांगितले. महत्त्वाची हाक चुकू नये म्हणून मेंदू संदेशाच्या प्रतीक्षेत असतो व कपड्याच्या घर्षणासारख्या क्षुल्लक स्पर्शालाही संदेश मानतो, असे त्याचे स्पष्टीकरण देता येते.

अवधान : डोळ्यांसमोर असलेली वस्तू अवधानाच्या अभावी दिसतच नाही, असेही घडते. अमेरिकेतील हार्व्हर्ड विद्यापीठात डॅनिएल सायमन्स व क्रिस्टोफर शाब्री यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रेक्षकांना एक चित्रफीत दाखवून, पांढरे सदरे घातलेल्या खेळाडूंनी चेंडू किती वेळा एकमेकांकडे दिला, हे मोजण्यास सांगितले. चित्रफितीच्या मध्यावर गोरिलाचा वेश केलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली. सु. निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही.

प्रशिक्षणाने हा दोष जात नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ क्ष-किरण तज्ञांना फुप्फुसांच्या संगणकीय छेदप्रतिमांमधून लहान गाठी शोधण्यास सांगितले होते. अखेरच्या प्रतिमांत सरासरी गाठीच्या ४८ पट मोठे असे गोरिलाचे चित्र घातलेले होते. २० तज्ञांना ते दिसले नाही; त्यांतील निम्म्याहून अधिक जणांची नजर प्रत्यक्ष त्या चित्राच्या जागेवर पडली होती. नजर पडणे व दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते. वाहन चालविताना दूरध्वनीवर बोलणारा चालक दूरध्वनी हातात धरत नसला, तरी त्याच्या प्रतिक्रिया मंदावतात व त्याला रस्त्यावरील कित्येक गोष्टी दिसत नाहीत. अडचण हातांची नसून अवधानाची असते.

याच्या उलट, नको असतानाही अवधान एखाद्या गोष्टीकडे ओढले जाते. ‘निळा’ हा शब्द तांबड्या शाईने लिहिलेला असला, तर शाईचा रंग सांगताना साक्षर माणूस अडखळतो. कारण वाचन ही त्याची अंगवळणी पडलेली क्रिया असते व ती थोपविणे कठीण जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन रिडली स्ट्रूप (१८९७–१९७३) याने हा परिणाम १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. [⟶ अवधान].

स्मरण : शब्द ओठांवर वा जिभेवर असूनही न आठवण्याचा अनुभव सार्वत्रिक आहे. रॉजर ब्राउन व डेव्हिड मॅक्‌नील यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात क्वचित वापरल्या जाणाऱ्या शब्दांच्या व्याख्या विद्यार्थ्यांना वाचून दाखविल्या. शब्द न आठवलेल्या विद्यार्थ्यांना त्याचे पहिले अक्षर निम्म्याहून अधिक वेळा बरोबर सांगता आले. त्यातील अवयवांची संख्याही पुष्कळदा सांगता आली. शब्दाचा अर्थ व त्याचा ध्वनी मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी उपलब्ध होतात आणि एक वाट खुली असताना दुसरी अडू शकते, असे त्यावरून दिसते.

दुसऱ्या खोलीत गेल्यावर तेथे येण्याचे कारण विसरण्याचा अभ्यास अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठातील गेब्रिएल रॅडव्हान्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. मेंदू अखंड अनुभवाचे प्रसंगांमध्ये विभाजन करतो; दार ओलांडणे ही एका प्रसंगाची सीमा ठरते व आधीच्या प्रसंगातील हेतू मागे पडतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम सौम्य असल्याचे व मनावर अन्य भार असतानाच तो विशेष जाणवत असल्याचे दिसले आहे. पूर्वीच्या जागी परत गेल्यावर हेतू आठवतो, या अनुभवाचे कारण असे, की मूळ परिसर हाच स्मरणाला सूचक ठरतो.

नवा प्रसंग पूर्वी घडून गेल्यासारखा वाटणे, हा अनुभव जवळजवळ दोनतृतीयांश लोकांनी कधी ना कधी घेतलेला असतो. परिचितपणाची भावना व प्रत्यक्ष आठवण या निरनिराळ्या क्रिया असून, पहिली जागृत होऊन दुसरी न झाल्यास असा अनुभव येतो, असे एक स्पष्टीकरण आहे. अपस्माराच्या काही रुग्णांना झटक्यापूर्वी हाच अनुभव येतो. तथापि निरोगी माणसात तो रोगाचे लक्षण नव्हे.

स्मरण म्हणजे साठविलेल्या प्रतीचे वाचन नव्हे, तर प्रत्येक वेळी केलेली पुनर्रचना होय, असे मत ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट (१८८६–१९६९) याने १९३२ मध्ये मांडले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांच्या १९७४ मधील प्रयोगाने त्याला बळकटी आली. त्यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीचे चित्रण दाखविले. मोटारी एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा त्यांचा वेग किती होता, असे काहींना विचारले. तर एकमेकींवर ‘आदळून चक्काचूर झाल्या’ तेव्हा वेग किती होता, असे इतरांना विचारले. दुसऱ्या गटाने सांगितलेला वेग अधिक होता. आठवड्यानंतर, फुटलेली काच दिसली होती काय, या प्रश्नाला दुसऱ्या गटातील ५० पैकी १६ जणांनी, तर पहिल्या गटातील ५० पैकी ७ जणांनी होकार दिला. चित्रणात फुटलेली काच नव्हतीच.

तीव्र भावनेच्या प्रसंगाची आठवण पक्की असते, असा समज आहे. ‘चॅलेंजर’ हे अमेरिकन अवकाशयान २८ जानेवारी १९८६ रोजी कोसळल्यावर दुसऱ्याच दिवशी उल्‌रिक नायसर (१९२८–२०१२) याने, ती वार्ता कोठे व कशी समजली, हे विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले. सु. अडीच वर्षांनी त्यांतील ४४ जणांना तेच पुन्हा विचारले असता सु. चतुर्थांश जणांचे वर्णन सर्व मुख्य तपशिलांत चुकीचे निघाले. तरीही पुष्कळांना स्वतःच्या आठवणीविषयी दृढ विश्वास वाटत होता. पूर्वीचे स्वहस्ताक्षरातील वर्णन दाखविल्यावरही मूळ आठवण जागी झाली नाही. [⟶ स्मरण व विस्मरण].

निर्णय : एकच वस्तुस्थिती निराळ्या शब्दांत मांडल्यास माणसाचा निर्णय बदलतो. एमस ट्व्हर्स्की (१९३७–९६) व डॅनिएल कानेमान (१९३४–२०२४) यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६०० लोकांचा बळी घेऊ शकणाऱ्या काल्पनिक साथीवरील उपाय निवडण्यास सांगितले होते. निश्चितपणे २०० लोक वाचतील, असा उपाय ७२% लोकांनी पसंत केला. तर निश्चितपणे ४०० लोक मरतील, असे त्याच उपायाचे वर्णन केले असता तो केवळ २२% लोकांनी पसंत केला व उरलेल्यांनी जोखमीचा पर्याय स्वीकारला. शस्त्रक्रियेचे फलित जगणाऱ्यांच्या प्रमाणात सांगितले की मरणाऱ्यांच्या, यावरून रुग्णांचाच नव्हे, तर डॉक्टरांचाही कौल बदलतो, असे १९८२ मधील एका अभ्यासात आढळले. निर्णयप्रक्रियेच्या या संशोधनासाठी कानेमान यांना २००२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मर्यादा व गैरसमज : या विषयावरील सर्वच निष्कर्ष सारखे विश्वसनीय नाहीत. मानसशास्त्रातील प्रसिद्ध झालेल्या १०० अभ्यासांची पुनरावृत्ती करण्याच्या एका सामूहिक प्रकल्पात (२०१५) केवळ ३६% प्रयोगांत सांख्यिकीय दृष्ट्या अर्थपूर्ण निष्कर्ष पुन्हा मिळाले. दृष्टिभ्रम, स्ट्रूपचा परिणाम, प्रश्नाच्या शब्दयोजनेचा परिणाम हे वारंवार पडताळून पाहण्यात आले आहेत. सामाजिक वर्तनाविषयीच्या काही लोकप्रिय कल्पना मात्र पडताळ्यात टिकलेल्या नाहीत. माणूस मेंदूचा केवळ दहावा भाग वापरतो, ही समजूतही निराधार आहे. मेंदूच्या प्रतिमांकनात सर्व भागांत क्रियाशीलता आढळते आणि लहानशा भागाला इजा झाल्यासही बहुधा काही ना काही क्षमतेची हानी होते.

व्यावहारिक महत्त्व : अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यात १९८४ मध्ये घडलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यात रॉनल्ड कॉटन याला फिर्यादी महिलेने आधी छायाचित्रांतून व नंतर ओळखपरेडीत ओळखले. हल्ल्याच्या वेळी तिने हल्लेखोराचा चेहरा प्रयत्नपूर्वक ध्यानात ठेवला होता व न्यायालयात तिने पूर्ण खात्रीने साक्ष दिली. कॉटन दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. १९९५ मध्ये डीएनए चाचणीने तो निर्दोष व दुसराच एक कैदी दोषी असल्याचे सिद्ध झाले. साक्षीदार महिला खोटे बोलली नव्हती. ओळखपरेडीत दिसलेला चेहरा छायाचित्रामुळे परिचित झालेला होता आणि तिची निवड बरोबर असल्याचे पोलिसांकडून कळल्यावर तिची खात्री वाढत गेली होती. अमेरिकेत डीएनए चाचणीने निर्दोष ठरलेल्या पहिल्या २५० व्यक्तींपैकी १९० जणांच्या खटल्यांत साक्षीदाराने चुकीची ओळख पटविली होती. पहिल्याच वेळी, कोणतीही सूचना मिळण्यापूर्वी साक्षीदाराने व्यक्त केलेली खात्री पुष्कळ अंशी विश्वसनीय असते. महिन्यांनंतर न्यायालयात व्यक्त झालेली खात्री तशी नसते, असे संशोधनावरून दिसते. म्हणून छायाचित्रे दाखविणाऱ्या अधिकाऱ्याला संशयित कोण हे माहीत नसावे आणि साक्षीदाराची खात्री त्याच्याच शब्दांत तत्काळ नोंदवावी, अशा सूचना अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१७ मध्ये दिल्या. भारतात ओळखपरेड सामान्यतः दंडाधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घेतली जाते. न्यायालये तिला स्वतंत्र पुरावा न मानता साक्षीला पुष्टी देणारा पुरावा मानतात.

प्रमादाचे ज्ञान झाल्याने प्रमाद टळत नसल्याने सावध राहण्याचा उपदेश अपुरा पडतो. मनाबाहेरील योजनाच अधिक उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक पडताळणी सूची तयार केली. रुग्ण, शस्त्रक्रियेचे स्थान, वापरलेली उपकरणे व कापसाच्या घड्या यांची तिच्यानुसार मोठ्याने खातरजमा केली जाते. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत तिचा वापर सुरू केल्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १·५% वरून ०·८% वर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. भारतीय रेल्वेत इंजिनचालक व त्याचा साहाय्यक पुढे येणाऱ्या प्रत्येक सिग्नलाची स्थिती एकमेकांना मोठ्याने सांगतात, ती पद्धतीही याच तत्त्वावर आधारलेली आहे. सिग्नल दोघांनाही दिसत असतो; परंतु नजर पडणे म्हणजे दिसणे नव्हे, म्हणून एकाने पाहिलेले दुसऱ्याने शब्दाने पक्के करावयाचे असते.